विद्यापीठाच्या आवारात जग कसे आले?



अलीकडे विद्यापीठांतून वर्षातला एखादा दिवस जगाच्या नावाने साजरा करण्याची रीत पडली आहे. आवारात देशोदेशींची निशाणे लागतात, कुणी आफ्रिकेतला झगा घालून मिरवतो, कुणी अरबी कहवा उकळतो, आणि संध्याकाळी मोठे पाहुणे येऊन सांगतात की जग आता एक कुटुंब झाले आहे. आम्हाला या समारंभाचे वावडे नाही. पोरे नाचतात, गातात, एकमेकांच्या ताटातले खातात, यात वाईट ते काय? परंतु इतिहासाचा थोडाफार नाद लागलेल्या माणसाच्या मनात चार प्रश्न उभे राहिल्यावाचून राहात नाहीत. हे जग आपल्या मुलुखातल्या विद्यालयांत पहिल्याने केव्हा आले? कोणी आणले? कोणत्या भाषेत आणले? आणि ते आत येत होते तेव्हा फाटकाबाहेर कोण उभे होते? आम्ही कॉलेजची पायरी विद्यार्थी म्हणून चढलेलो नाही. हमाल-मापाडी आणि जिनिंगमधले कामगार यांच्या संघटनेत उमेद गेली, आणि जे काही वाचले ते आडतीच्या ओट्यावर बसून वाचले. म्हणून या विषयाकडे फाटकाच्या बाहेरून पाहण्याची आमची सवय आहे, एवढे आधीच सांगून ठेवतो.

प्रारंभ आपल्या गावापासूनच करू. हिमायतनगर हे नाव निजामी अमलातले. वाढोणा हे जुने नाव वडीलधाऱ्यांच्या तोंडून अजून गेलेले नाही. हिमायत म्हणजे पाठिंबा, पाठराखण. ती कोणी कोणाची केली हा प्रश्न तूर्त राहू द्या. गावाच्या उत्तरेला पैनगंगा आहे. आज ती दोन जिल्ह्यांमधली नदी. १९४८ पूर्वी ती दोन राज्यांमधली हद्द होती. पलीकडे वऱ्हाड, म्हणजे इंग्रजी अंमल, आणि उच्च शिक्षणासाठी १९२३ साली निघालेले नागपूर विद्यापीठ. अलीकडे हैदराबाद संस्थान, आणि त्याचे एकच विद्यापीठ, उस्मानिया. नदीच्या त्या काठी विद्येची भाषा इंग्रजी, या काठी उर्दू. मराठी दोन्ही काठांवर बोलली जाई. कॉलेजच्या वर्गात विषय शिकवायला मात्र ती कुठेच नव्हती.

उस्मानियाची हकीगत नीट समजून घेतली पाहिजे. तिच्याविषयी आपल्याकडे एक तर नुसता राग आढळतो, नाही तर नुसती आठवणींची हुरहुर. सातवा निजाम मीर उस्मान अली याने १९१७ साली फर्मान काढले, आणि १९१८ मध्ये विद्यापीठ स्थापन झाले. १९१९ मध्ये वर्ग सुरू झाले. हिंदुस्थानात त्या काळी जी सरकारी विद्यापीठे होती ती इंग्रजीतून शिकवीत. देशी भाषेतून उच्च शिक्षण देणाऱ्या पहिल्या विद्यापीठांपैकी हे एक. इतिहास आणि अर्थशास्त्र तर उर्दूतून शिकवलेच, पण वैद्यक आणि इंजिनिअरिंगही उर्दूतून शिकवले. इंग्रजी ही एक सक्तीचा विषय म्हणून ठेवली. रवींद्रनाथांसारख्या माणसाने या प्रयोगाचे स्वागत केले होते, ते उगीच नव्हे.

पण शिकवायचे तर पुस्तके हवीत. म्हणून विद्यापीठाच्याही आधी, १९१७ मध्येच, एक भाषांतराचे खाते उघडण्यात आले. दार-उल्-तर्जुमा हे त्याचे नाव. त्याचे पहिले प्रमुख मौलवी अब्दुल हक. उर्दूवाले त्यांना 'बाबा-ए-उर्दू' म्हणतात. हे गृहस्थ आपल्या मराठवाड्याला परके नव्हते. त्यांनी औरंगाबादेस शाळाखात्यात नोकरी केली, पुढे तेथल्या इंटरमिजिएट कॉलेजचे ते प्राचार्य होते, आणि अंजुमन तरक्की-ए-उर्दू या अखिल हिंदुस्थानच्या संस्थेचे दफ्तर त्यांनी कित्येक वर्षे औरंगाबादेतच ठेवले होते. या खात्यात ग्रीस-रोमचे इतिहास, तत्त्वज्ञान, कायदा, रसायन, पदार्थविज्ञान, शरीरशास्त्र अशा विषयांवरचे तीनशेहून अधिक ग्रंथ उर्दूत उतरले. प्रत्येक शास्त्रीय शब्दासाठी पंडितांच्या समित्या बसत. अरबीतून घ्यावा की फारसीतून, की हिंदीचा देशी शब्द चालवावा, यावर वाद होत. जोश मलीहाबादींसारखा बंडखोर कवीही पोटासाठी या खात्यात भाषांतरे तपाशीत बसला होता. जगातली विद्या एखाद्या देशी भाषेत ठरवून, पगार देऊन, वेळापत्रक आखून आणण्याचा एवढा मोठा उद्योग त्या काळात दुसऱ्या कोणत्या हिंदी संस्थानाने केल्याचे आमच्या वाचनात नाही. हे श्रेय ज्याचे त्याला दिलेच पाहिजे.

आता दुसरी बाजू. संस्थानातली निम्म्याच्या आसपास प्रजा तेलुगू, चौथाई मराठी, आणि कानडी व उर्दू बोलणारे प्रत्येकी दहा-बारा टक्क्यांच्या घरात. शंभरातल्या दहा माणसांनाही अक्षरओळख नव्हती. अशा मुलुखात 'मातृभाषेतून शिक्षण' या तत्त्वावर विद्यापीठ उभारले गेले, आणि ती मातृभाषा शंभरातल्या दहा-बारांची! मराठी घरातल्या मुलाला ग्रीसचा इतिहास शिकण्यापूर्वी दुसऱ्या एका भाषेचा घाट चढावा लागे. कोणी म्हणतील, हा मुसलमानांचा फायदा होता. तेही पुरते खरे नाही. मोंढ्यात पोती वाहणाऱ्या मुसलमान हमालाला ते विद्यापीठ तितकेच दूर होते, जितके वाढोण्याच्या मांग-महारांना. उर्दू बोलत होता म्हणून त्याच्या पोराला कोणी आत बोलावले नाही. दरबार, जहागीरदार, वकील, अंमलदार यांच्या घरचे जग होते ते.

विद्यापीठाची मुख्य इमारत तर जगभरच्या शिल्पाची गोळाबेरीज आहे. दोन स्थपतींना सरकारी खर्चाने देशोदेशीची विद्यापीठे पाहायला धाडले. अर्नेस्ट जास्पर नावाच्या बेल्जियन स्थपतीकडून नकाशे करवून घेतले. आणि अजिंठा-वेरुळाच्या धर्तीचे खांब व मशिदीच्या धर्तीच्या कमानी एकाच दर्शनी भागात बसविल्या. १९३९ साली ती उघडली. अजून पाहाल तर मान वर करून पाहावी लागते. गवंडी आणि पाथरवट यांना मात्र जगप्रवास घडला नाही.

या इमारतीचे उद्घाटन होण्याच्या आदल्या वर्षीच या विद्यापीठाला त्याच्या विद्यार्थ्यांनी प्रश्न विचारला होता. १९३८ च्या ऑक्टोबरात स्टेट काँग्रेसचा सत्याग्रह सुरू झाला; स्वामी रामानंद तीर्थ तुरुंगात गेले. नोव्हेंबरात औरंगाबादच्या इंटरमिजिएट कॉलेजच्या वसतिगृहात आणि उस्मानियाच्या वसतिगृहांत विद्यार्थी सायंप्रार्थनेला 'वंदे मातरम्' म्हणू लागले. अधिकाऱ्यांनी मनाई केली. मुलांनी संप केला. संप हा शब्द येथे आम्ही हौसेने वापरीत नाही. तो संपच होता. शेकडो मुलांची नावे काढून टाकण्यात आली, आणि दुसऱ्या विद्यापीठांची दारेही त्यांना बंद व्हावीत अशी खटपट झाली. तेव्हा नागपूर विद्यापीठाचे कुलगुरू टी. जे. केदार यांनी त्यांना आपल्याकडे घेतले. पुढे देशाचे पंतप्रधान झालेले नरसिंह राव हे याच मुलांपैकी एक. हैदराबादहून नागपूरला जाणे म्हणजे परमुलुखात शिकायला जाणेच होते. पासपोर्ट लागला नाही इतकेच. परदेशी शिक्षणाचा इतिहास लिहिणारे या मुलांना त्यात धरीत नाहीत, याचे आम्हाला नवल वाटते.

सप्टेंबर १९४८ मध्ये संस्थान खालसा झाले आणि उस्मानियातली उर्दू जाऊन तिच्या जागी इंग्रजी आली. लोकांना तो न्यायच वाटला. आम्ही एवढेच विचारतो, की मौलवी अब्दुल हकांच्या खात्याने जे उर्दूसाठी केले, ते मराठीसाठी त्या तडफेने नंतर कोणी केले? कोश झाले, परिभाषा झाली. पण वैद्यकाचा वर्ग मराठीतून भरला नाही. निजामाचा राग धरून आपण त्याची चांगली सवयही टाकून दिली, असे आमचे मत आहे. मतभेद असणाऱ्यांनी व्याख्यानानंतर गाठावे.

उस्मानियात जग आले ते वरून, फर्मानाने. परंतु जग खालूनही येते, आणि त्याला विद्यापीठ लागतेच असे नाही. जोतीराव फुल्यांचे शिक्षण पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत झाले. टॉमस पेन यांचे पुस्तक त्यांनी तरुणपणीच वाचले. १८७३ साली 'गुलामगिरी' लिहिले तेव्हा ते त्यांनी अर्पण केले अमेरिकेतल्या त्या लोकांना, ज्यांनी निग्रो गुलामांना दास्यातून सोडविले. पुण्याच्या माळ्याने अटलांटिकपलीकडच्या गुलामाशी नाते जोडले. त्यांचेच सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये मुंबईत गिरणी कामगारांची संघटना उभी केली. १९१९ मध्ये वॉशिंग्टनला पहिली आंतरराष्ट्रीय कामगार परिषद भरली, तीत हिंदी कामगारांचे प्रतिनिधी म्हणून ना. म. जोशी गेले. तेथल्या ठरावांमुळे १९२२ च्या कारखाना कायद्यात आठवड्याला ६० तासांची मर्यादा आली. आज साठ तास ऐकून तुम्ही हसाल. त्या वेळी ते मोठे मिळणे होते. आणि या ना. म. जोशींच्या हाताखाली ज्या तरुणाने कामगार चळवळीत उमेदवारी केली, तो व्यंकटेश खेडगीकर पुढे संन्यास घेऊन स्वामी रामानंद तीर्थ झाला. नांदेडच्या विद्यापीठाला ज्यांचे नाव आहे, ते स्वामीजी मुळात आमच्या कामगार संघटनेतले, हे कामगारांनी विसरू नये. १९५० साली नांदेडला पीपल्स कॉलेज निघाले, त्यामागेही तेच होते.

याच १९५० सालच्या जूनमध्ये औरंगाबादेस, आताच्या छत्रपती संभाजीनगरात, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने महाविद्यालय काढले. येथे आम्हाला थोडे थांबावयाचे आहे. बाबासाहेब १९१३ साली बडोदे सरकारच्या शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले, तेथून लंडनला गेले. सेलिग्मन, ड्यूई अशा गुरूंजवळ बसून त्यांनी जी विद्या घेतली ती घेऊन मुंबईत राहणे त्यांना सोपे होते. त्यांनी ती मराठवाड्यात आणली, जेथे तोवर महाविद्यालये एका हाताच्या बोटांइतकीही नव्हती. या महाविद्यालयाला त्यांनी नाव दिले मिलिंद, आणि आवाराला म्हटले नागसेनवन.

मिलिंद कोण? ख्रिस्तपूर्व दुसऱ्या शतकातला एक ग्रीक राजा, मिनँडर. त्याची राजधानी सागल नगरी. पंजाबातले सियालकोट ते हेच असे मानतात. आणि नागसेन हा एक बौद्ध भिक्षू. राजाने प्रश्न विचारले आणि भिक्षूने उत्तरे दिली, त्या संवादांचा पाली ग्रंथ प्रसिद्ध आहे. त्यात एक प्रसंग आम्हाला फार आवडतो. राजा वाद घालू इच्छितो. नागसेन त्याला विचारतो, वाद कसा घालणार, पंडितासारखा की राजासारखा? पंडितांच्या वादात गुंता होतो, उकल होते, एखाद्याची चूक दाखविली जाते, तो ती मान्य करतो आणि रागावत नाही. राजे मात्र एक गोष्ट ठरवितात आणि जो कबूल होत नाही त्याला दंड करतात. राजा म्हणतो, मी पंडितासारखा वाद करीन. महाराज मनमोकळेपणे बोलावे. आम्ही आयुष्यभर मालकांशी बोलणी केली आहेत. टेबलाच्या पलीकडे बसलेला माणूस पंडितासारखा बोलणार की राजासारखा, हे पहिल्या पाच मिनिटांत कळते.

आता कॉलेजला हे नाव देण्यातला अर्थ पाहा. कार्ल्याच्या लेण्यातल्या खांबांवर यवन दात्यांची नावे कोरलेली आहेत. म्हणजे परदेशी माणूस आपल्याकडे दोन हजार वर्षांपूर्वी येऊन येथल्या धर्माला खांब देऊन गेला. बाबासाहेबांनी तेवढ्यावर भागविले नाही. दान देणारा यवन त्यांनी निवडला नाही, प्रश्न विचारणारा यवन निवडला. आणि उत्तर देणारा निवडला तो चीवर नेसलेला भिक्षू. जगाच्या दोन संस्कृती एकमेकींसमोर बसल्या, त्या एकमेकींचे कपडे घालून बघण्यासाठी नव्हे. हे नाव ज्या आवाराला मिळाले त्या आवारात पहिल्या काही वर्षांत जी मुले आली, त्यांतली पुष्कळ अशी की ज्यांच्या घरात आधी कोणी शाळेतही गेले नव्हते. वसतिगृहात प्रथमच विजेचा दिवा पाहिला असे सांगणारी माणसे आम्हाला भेटली आहेत.

या आवारात पुढे काय झाले ते सांगितल्यावाचून हा इतिहास अपुरा राहील. बाबासाहेबांनी १९४६ मध्ये अमेरिकेतले निग्रो पुढारी डू बॉइस यांना पत्र लिहून, निग्रो लोक संयुक्त राष्ट्रसंघाकडे कोणता अर्ज करीत आहेत याची चौकशी केली होती; डू बॉइस यांनी त्याच महिन्यात उत्तर धाडले. हा धागा नागसेनवनात पुन्हा हाती घेतला गेला. म. ना. वानखेडे अमेरिकेत पदवी घेऊन परतले आणि मिलिंदचे प्राचार्य झाले. अमेरिकेतले काळे लेखक काय लिहीत आहेत, हे त्यांनी आपल्या विद्यार्थ्यांना सांगितले, आणि तुम्ही तुमचे का लिहीत नाही, असे विचारले. १९६७ मध्ये येथून 'अस्मिता' हे नियतकालिक निघाले. गंगाधर पानतावणे यांच्या संपादनाखाली त्याचेच पुढे 'अस्मितादर्श' झाले. दलित साहित्य म्हणून आज जे जगभर शिकविले जाते, त्याची एक मोठी मूळवाट अशी औरंगाबादच्या या आवारातून गेली आहे. १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर निघाली. नाव अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून घेतले. आणि आपल्याच भागात, लातूरच्या राजर्षी शाहू महाविद्यालयाचे प्राचार्य जनार्दन वाघमारे यांनी अमेरिकन निग्रोंच्या साहित्य-संस्कृतीवर मराठीत ग्रंथ लिहिला. १७ सप्टेंबर १९९४ रोजी नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ सुरू झाले तेव्हा पहिले कुलगुरू झाले ते हेच वाघमारे. नांदेडच्या विद्यापीठाची सुरुवात अशा माणसाच्या हाताने व्हावी, हा योग आम्हाला मोठा वाटतो.

परंतु त्याआधीची सोळा वर्षे या मुलुखाच्या कपाळी आहेत. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव केला. पाठोपाठ मराठवाडा पेटला. दलित वस्त्या जाळण्यात आल्या, नांदेड जिल्ह्यात तर फारच. टेंभुर्णीचे पोचीराम कांबळे मारले गेले. १४ जानेवारी १९९४ ला नामविस्तार झाला. ज्या माणसाने न्यूयॉर्क आणि लंडनची विद्या या जिल्ह्यांच्या दारात आणून ठेवली, त्याचे नाव पाटीवर लिहायला या लोकांनी सोळा वर्षे आणि इतकी घरे घेतली. त्या वेळी आम्ही लहान होतो, धूर आठवतो. जळालेल्या घरांतले लोक बहुतेक शेतमजूर होते, आणि जाळणारेही सगळे काही जमीनदार नव्हते. कामगारांच्या एकजुटीवर भाषणे करणाऱ्या आमच्यासारख्यांना ही गोष्ट अजून पुरती गिळता आलेली नाही. जागतिक संस्कृतीच्या दिवशी निशाणे लावताना या सोळा वर्षांची आठवण कोणी काढीत नाही, आणि काढली तर समारंभाचा विरस होतो म्हणतात. होऊ द्या.

परदेशी विद्यार्थी मराठवाड्यात आज नवे नाहीत. औरंगाबादच्या विद्यापीठात येमेनमधली मुले पुष्कळ वर्षे शिकत आली आहेत. २०१५ पासून त्यांच्या देशात युद्ध चालले तरी त्यातली कित्येक येथेच अभ्यास करीत राहिली. परदेशातून आपल्याकडे विद्यार्थी येतो तो गोऱ्या देशाचा असेल, अशी आपल्या लोकांची उगीच समजूत असते. येणारे बहुतेक येमेन, सुदान, अफगाणिस्तान अशा देशांतले, म्हणजे जवळजवळ आपल्याच ऐपतीचे. त्यांना घर भाड्याने मिळताना काय त्रास होतो तो विचारा; जग एक कुटुंब असल्याची बातमी घरमालकांपर्यंत अजून पोचलेली नाही.

एका विद्यापीठात आम्ही कंत्राटी सफाई कामगारांची संघटना बांधीत होतो. तेथे असाच जगाचा दिवस साजरा झाला. खुर्च्या मांडायला, झाडलोट करायला पहाटे पाचपासून आमच्या बाया होत्या. त्या दिवसाचा जादा मेहनताना त्यांना दोन महिने झगडून मिळाला. या खटपटीत एका येमेनी विद्यार्थ्याची गाठ पडली. त्याच्याकडून कळले की त्यांच्या देशात मुहम्मशीन म्हणून एक समाज आहे. मुसलमानच, पण काळ्या वर्णाचा म्हणून गावाबाहेर राहणारा. त्यांच्याशी कोणी लग्नव्यवहार करीत नाही, आणि शहरांचे रस्ते पिढ्यान् पिढ्या तेच झाडतात, बहुतेक रोजंदारीवर. हे ऐकून आम्ही त्याला संघटनेच्या कचेरीत बोलावले. दुपारच्या सुट्टीत तीस-पस्तीस बाया सतरंजीवर बसल्या. तो इंग्रजीत बोलला, पदवीच्या वर्गातल्या एका कामगाराच्याच मुलीने वाक्यावाक्याला मराठी केले. पाऊण तास कोणी हलले नाही.

भाषण संपल्यावर प्रश्न विचारायला सांगितले. बराच वेळ कोणी बोलेना. मग मागे बसलेली एक म्हातारी उठली आणि तिने विचारले, "बाबा, तुमच्याकडल्या बायांना झाडू सरकार देतंय, का घरून आणावा लागतो?" मुलीने भाषांतर केले. तो विद्यार्थी थोडा वेळ गप्प राहिला, मग म्हणाला, हे मी कधी पाहिले नाही. घरी फोन करून विचारतो. पुढच्या आठवड्यात तो उत्तर घेऊन आला.